अध्यक्षबाईंच्या घरचं बदक

"उघड तोंड," सासूबाई म्हणाल्या.

आमचे हे पडवीत उभे होते. तीस वर्षांचा बाप्या, चिकूच्या वखारीत वीस-पंचवीस माणसांवर हुकूम चालवणारा, पण आईसमोर जबडा वासून गुमान उभा. सासूबाईंनी टाचा उंचावल्या, नाक थेट ह्यांच्या दातांपर्यंत नेलं आणि भसकन श्वास ओढला.

"भजी," त्या म्हणाल्या. "कांद्याची. आणि विडी."

"आई, विडी नाही गं..."

"विडी. आजची नाही, कालची. हा कर."

"हाऽऽ."

"ताडी नाही." त्या मागं सरल्या आणि चारही बाजूंना नाक फिरवू लागल्या. "मग माझ्या घरात ताडीचा वास येतोय कुठून?"

मी चुलीपाशी कण्यांचा डबा पाठीशी घालून उभी होते. त्या डब्यात, तांदळाच्या कण्यांत गळ्यापर्यंत पुरलेली एक बाटली होती आणि बाटलीत ताडी होती. माझ्या लग्नाला तेव्हा पुरते पाच महिनेही झाले नव्हते.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? आमच्या त्या पालघरकडच्या गावात ताडाच्या झाडांना काय तोटा! पण माझ्या सासूबाई म्हणजे द्वारकाबाई राऊत, गावच्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष. सासरे ताडीपायी गेले होते. बारा वर्षं रोज संध्याकाळी नवऱ्याचं तोंड हुंगून बाईंचं नाक असं तयार झालं होतं, की एसटीतून उतरणाऱ्या माणसानं काय घेतलंय आणि कधी घेतलंय, हे त्या रस्त्याच्या पलीकडून सांगायच्या. गावातल्या एकुलत्या एक ताडीच्या दुकानावर येत्या गुरुवारी त्यांचा मोर्चा जायचा होता. आणि त्याच दुकानातली बाटली त्यांच्याच सुनेनं त्यांच्याच कण्यांत पुरली होती.

आता सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं मीच पीत होते. निम्म्या गावाला तर तेव्हा तसंच वाटलं.

त्या गावात नव्या सुनेचा हात तपासायची एक रीत होती. घरातली कोंबडी खुडूक झाली, की नव्या सुनेनं स्वतःच्या हातानं तिला अंड्यांवर बसवायचं. पिल्लं निघाली की शेजारणी बघायला येणार. जे पिल्लू आपल्या पायानं चालत येऊन दाणा टिपेल तेच मोजायचं, बाकीची धरायची नाहीत. चांगली सात-आठ मोजली गेली तर सुनेच्या हाताला यश. मग तिला लोणच्याला बोलावणार, वालाचं बी टाकायला बोलावणार, बाळंतिणीच्या पहिल्या न्हाणाला बोलावणार. आणि एकही मोजलं गेलं नाही, तर तो जळका हात. तोंडावर कुणी बोलत नसे, पण बोलावतही नसे.

मी जुन्नरकडची. मला वाटलं, कोंबडीच बसवायची ना, माझ्या आईनं शंभर बसवल्या असतील. पण आमच्या ह्यांना फुशारकी सुचली. "कोंबडीची पिल्लं कुणीही काढतं," म्हणाले, "माझी बायको बदकं काढणार." आणि कुठूनशी बदकाची सहा अंडी घेऊन आले. आईनं विचारलं तर म्हणाले, शनिवारच्या बाजारातून आणली. सासूबाई फक्त "हं" म्हणाल्या. शेजारच्या बायजाकाकी मंडळाच्या चिटणीस होत्या, म्हणजे गावात कुणाच्या घरी काय शिजतं हे त्यांच्या वहीत असायचं. त्यांनी प्रत्येक अंड्यावर कोळशानं फुली मारली, म्हणजे मागाहून बदलाबदली नको. मी देवाचं नाव घेऊन अंडी मांडली आणि काळी कोंबडी वर बसवली.

बदक मी तोवर शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं. मला काय ठाऊक? एकविसाव्या दिवशी अंडी फुटतात, हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. एकवीस झाले, बावीस झाले, एकाही अंड्याला चीर नाही. त्या तीन दिवसांत सासूबाई नेमक्या तालुक्याला व्यसनमुक्तीच्या शिबिराला गेलेल्या. मी एकेक अंडं कानाला लावून बघितलं. काही ऐकू येईना. नासकी अंडी खाली ठेवली तर कोंबडीही आजारी पडते, असं आमच्याकडं म्हणतात. म्हणून मी पाच अंडी काढली आणि परसात केळीच्या बुंध्याशी पुरून टाकली. सहावं काढायला गेले तर काळीनं माझ्या मनगटाचा असा लचका तोडला, की म्हटलं, राहू दे बाई तुला एक आठवण.

सासूबाई परतल्या, पाय धुतले आणि आधी खुराड्यात डोकावल्या.

"अगं, एकच? बाकीची कुठं गेली? अजून सहा दिवस आहेत की. बदकाला अठ्ठावीस लागतात."

अठ्ठावीस! म्हणजे मी जिवंत अंडी पुरली होती.

"मुंगूस," मी म्हटलं.

"पाच नेली?"

"दोन मुंगसं होती."

सासूबाईंनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि त्या चहा ठेवायला गेल्या.

एकोणतिसाव्या दिवशी ते सहावं अंडं फुटायला लागलं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फुटतच होतं. पिल्लू आतून चोच मारायचं, थकायचं, झोपायचं, परत एकदा टुक करायचं. बाहेर आलं तेव्हा ते पिल्लू आहे की भिजलेला कापूस, ते कळेना. दोन दिवसांत पिसं सुकून पिवळी झाली, डोळे टुकूटुकू बघायला लागले, पण पाय काही पोटाखाली येईनात. एक इकडं, एक तिकडं, खाचरात चिरडलेल्या बेडकासारखे पसरलेले. मी उभं केलं की ते चोचीवर आपटायचं आणि रागानं चिवचिवाट करायचं.

बायजाकाकी बघायला आल्या. त्यांनी पिल्लाला बोटानं जरा ढोसलं.

"एकच निघालं? आणि तेही पांगळं?"

"चालेल ते," मी म्हटलं.

"चाललं तर धरू. बायकांना सांगून ठेवते, जरा थांबा म्हणावं. बिचारी परमुलुखातली पोर." ते "बिचारी" मला इतकं झोंबलं, की मी रात्री जेवलेही नाही.

मग मी त्या पिल्लाच्या मागंच लागले. टोपलीत जुनं लुगडं घातलं, खाली शेगडीची ऊब दिली. पायांना तिळाच्या तेलानं मालीश केलं. दोन्ही पाय फाकू नयेत म्हणून मध्ये फडक्याची पट्टी बांधली. हळद दिली, गुळाचं पाणी दिलं. ते सगळं खायचं, माझ्या तळहातावर शी करायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. मी नजरेआड झाले की घर डोक्यावर घ्यायचं, म्हणून मी भाकऱ्या थापायचे तेव्हाही टोपली शेजारी. पाच पिल्लं माझ्या हातनं मेली होती. हे सहावं मरू द्यायचं नाही, मग गाव काय म्हणायचं ते म्हणो, असं मी मनाशी धरलं. गावाचं खोटं सांगते. गावाचीही भीती होतीच.

आठव्या दिवशी पिल्लानं मानही टाकली. मी रडायला लागले, तेव्हा आमचे हे डोकं खाजवत म्हणाले, "जिची अंडी तिलाच विचार ना."

"बाजारातली बाई आता कुठं शोधू?"

"बाजारातली नाही." त्यांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला. "मथुराबाईची आहेत. आईला बोललीस तर मला घराबाहेर झोपावं लागेल."

मथुराबाई म्हणजे ताडीवाली. जिच्या दुकानावर मोर्चा जायचा होता तीच.

"तुम्ही तिथं कशाला गेला होतात?" मी विचारलं.

"अंडी आणायला," हे म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता वखारीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव झोपलेलं बघून, मी डोक्यावरून पदर घेतला, पिल्लू पिशवीत घातलं आणि मागच्या वाटेनं ताडांच्या बनात गेले. मथुराबाई दुकानाच्या सावलीत पाय पसरून बसली होती. साठीची, काटक बाई. आजूबाजूला तिची बदकं मडक्यांच्या तळाशी चोची खुपसत फिरत होती.

"या या," ती म्हणाली. "मोर्चा गुरुवारी ना? तुम्ही एकट्याच आधी आलात? का पुढची तुकडी?"

मी पिल्लू बाहेर काढलं. तिनं हसणं थांबवलं. पाय ओढून बघितले, चोच उघडून बघितली.

"काय चारतेस?"

"कण्या."

"नुसत्या कण्यांवर बदक पांगळंच व्हायचं. कोंबडीचं पोट वेगळं आणि याचं वेगळं. माझी बघ, एकाचा तरी पाय वाकडा आहे का?" तिनं आत जाऊन एक मडकं तिरकं केलं आणि तळाशी बसलेला पांढरा दाट साका बाटलीत ओतला. "ताडी नव्हे हो, हा साका. तळाचा गाळ. चिमूटभर, कण्यांत कालवून, सकाळ-संध्याकाळ. वीस दिवस. आणि एक दिवसाआड ताजा न्यायचा, शिळा झाला की फुकट. माझी आजी असंच करायची."

"पण... ताडीच ना ती?" मी म्हटलं. "आमच्या घरात..."

"ठाऊक आहे तुमचं घर," ती म्हणाली. "घ्यायचा तर घे, नाहीतर त्याला घरी नेऊन दारूबंदीची शपथ दे."

मी घेतला. पैसे विचारले तर म्हणाली, "अध्यक्षबाईंकडून पैसे घेतले तर मलाच पाप लागायचं."

आणि काय सांगू, दोन दिवसांत त्या पिल्लानं मान उचलली. चौथ्या दिवशी पाय पोटाखाली ओढायला लागलं. त्याच चौथ्या दिवशी सासूबाईंनी आमच्या ह्यांचं तोंड उघडायला लावलं.

तर मी डबा पाठीशी घालून उभी. सासूबाई नाक पुढं करून घरभर फिरल्या. देवघर हुंगलं, माळा हुंगला. डब्याजवळ आल्या तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. पण तिथून त्या वळल्या आणि थेट टोपलीशी वाकल्या. पिल्लू उचललं. त्याच्या चोचीशी नाक नेलं.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "हे प्यायलंय!"

आमचे हे त्या संधीचा फायदा घेऊन पडवीतून पसार झाले. त्या दिवसापासून मी त्यांना संकटात हाक मारली नाही.

मी बाटली काढून समोर ठेवली आणि घडाघडा सगळं बोलून टाकलं. साका, मथुराबाई, मागची वाट. एकदा बोलायला लागल्यावर थांबता येईना, म्हणून मुंगसांचंही सांगितलं. "मुंगूस नव्हतं, आई. मीच पुरली. मला वाटलं एकवीस दिवस. पाच जीव मी माझ्या हातानं पुरले."

आता या मला माहेरी धाडणार, एवढं मी धरून चालले होते. सासूबाई खाली बसल्या. बाटलीकडं त्यांनी बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की मला त्या सासऱ्यांना बघताहेत असंच वाटलं. पिल्लू त्यांच्या मांडीवर पाय झाडत होतं.

"पाय झाडतंय," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो. परवापासून."

"किती द्यायचं म्हणाली ती?"

"चिमूटभर. कण्यांत."

"आणि अजून किती दिवस?"

"सोळा."

सासूबाईंनी बोटांवर गुरुवार मोजला. मोर्चाला तीन दिवस होते. मोर्चा झाला, की अर्ज तालुक्याला जाणार आणि दुकानाला टाळं लागणार. टाळं लागलं की साका नाही.

"बाटली कण्यांत ठेवू नकोस," त्या उठत म्हणाल्या. "कण्या वास धरतात. पाटावरवंट्याच्या मागं ठेव."

संध्याकाळी मंडळाच्या बायका जमल्या, तेव्हा सासूबाईंनी घसा खाकरला आणि जाहीर केलं, की मोर्चा पुढं ढकलला आहे.

"का?" बायजाकाकी म्हणाल्या.

"अमावास्या जवळ आली."

"अमावास्या रविवारी आहे. मोर्चा गुरुवारी."

"सावली तीन दिवस आधी पडते," सासूबाई म्हणाल्या. ज्या बाईनं आयुष्यात कधी अमावास्या पाळली नाही, ती हे बोलत होती. मी आत पदर तोंडात कोंबून बसले.

अमावास्या झाली. मग सासूबाईंचा घसा बसला. घोषणा कोण देणार? तोही दोन दिवसांनी बसायचा थांबला, कारण बायजाकाकी ज्येष्ठमधाचा काढा घेऊन रोज दारात हजर व्हायला लागल्या. मग सासूबाईंना साड्या सुचल्या. "मोर्च्यात सगळ्यांच्या साड्या एका रंगाच्या पाहिजेत, नाहीतर तालुक्याचे लोक हसतात. शिबिरात बघितलं ना मी." बायका खूष! रंग ठरवण्यात एक दिवस गेला, पोपटी की अंजिरी यावर दोघींचं बोलणं बंद झालं, साड्या आणण्यात आणखी दोन दिवस गेले. इकडं मी एक दिवसाआड मागच्या वाटेनं जात होते आणि सासूबाई अंगणात तांदूळ निवडत पहाऱ्याला बसत होत्या. कुणी आलं की मोठ्यानं खोकायच्या. घसा बसलेला असतानाही.

पण गावाला डोळे होतेच. माझी ती मागची वाट कुणीतरी बघितली. शेवटी बायजाकाकी दारात उभं राहून म्हणाल्या, "द्वारकावैनी, बायका काहीबाही बोलतात. उद्या मोर्चा निघाला नाही तर मंडळ मोडेल."

"निघेल," सासूबाई म्हणाल्या.

विसातले सोळा दिवस भरले होते. पिल्लू आता पाय पोटाखाली घेऊन बसायचं. त्या दिवशी सकाळी क्षणभर उभंही राहिलं आणि पुन्हा आपटलं. पाऊल मात्र एकही टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटी साडी नेसताना सासूबाईंनी मला मोरीपाशी गाठलं. "बाटली घेतलीस?" त्या कुजबुजल्या.

"मोर्च्याला?"

"मग? टाळं लागायच्या आधी चार दिवसांचा भरून घेऊ. मी पुढून घोषणा देते, तू मागून जा. शिळा तर शिळा."

अशी माझी सासू. आणि गाव म्हणायचं, बाई फार कडक.

मी पिशवीत बाटली घातली. पिल्लाला घरी ठेवलं तर ओरडून जीव देईल, म्हणून तेही घातलं. पस्तीस पोपटी बायका घोषणा देत ताडांच्या बनात पोचल्या. मथुराबाई पदर खोचून दारात उभी होती. मी हळूच मागं सरकायला लागले, तेवढ्यात दुकानामागून तिची बदकं ओरडली. झालं! पिशवीत जी काही खळबळ उडाली, ती मला आवरेना. पिल्लू बाहेर पडलं आणि त्याच्या मागोमाग बाटली. बाटली घरंगळत गेली ती नेमकी बायजाकाकींच्या पायाशी.

काकींनी ती उचलली आणि बूच काढून हुंगली.

"ताडी," त्या म्हणाल्या, आणि मग आवाज चढवून, "ताडी! अध्यक्षबाईंची सून! अगं बायांनो, मी म्हणत नव्हते? मोर्चा उगाच लांबत नव्हता! सून पिते आणि सासू झाकते!"

घोषणा थांबल्या. पस्तीस तोंडं माझ्याकडं वळली. मला वाटलं धरणी दुभंगावी. मथुराबाई एक शब्द बोलली असती तर माझी सुटका झाली असती, किंवा पुरती वाट लागली असती. पण ती नुसती सासूबाईंकडं बघत राहिली.

सासूबाईंनी हातातला फलक झाडाला टेकवला.

"बाटली माझी आहे," त्या म्हणाल्या.

"वैनी, सुनेसाठी खोटं..."

"खोटं गेले बारा दिवस बोलतेय, आता खरं बोलते. साका आहे तो, या पिल्लाच्या पायांसाठी. तो आणायला मी पाठवते तिला. अमावास्या खोटी, घसा खोटा, साड्याही खोट्या."

"एका बदकासाठी?" कुणीतरी म्हणालं. "मंडळाची अब्रू घालवलीत, एका बदकासाठी?"

"बदकासाठी नाही." सासूबाईंचा आवाज आता खरोखरच बसला होता. "तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल. मी नवी सून होते तेव्हा माझ्या हातनं आठ अंडी मांडली. एक निघालं नाही. अठरा वर्षांची होते मी. नणंदेच्या लग्नाची हळद दळायला बसले, तर मला जात्यावरून उठवलं. माझ्या घरचं लोणचं आजवर कोण घालतं, बायजा? तूच घालतेस ना? का, ते विचारलंय मी कधी? बत्तीस वर्षं मी माझ्या स्वतःच्या बरणीत हात घातलेला नाही. आणि नवरा प्यायला लागला, तेव्हा काय म्हणालात? हिच्याच हाताचं म्हणालात. मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणालात. मी त्याचं तोंड हुंगत होते आणि मलाही वाटायचं, असेल बाई, माझ्याच हाताचं असेल." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिच्याबद्दल तसं कुणी म्हणायचं नाही. त्यासाठी ताडी काय, विष आणावं लागलं असतं तरी आणलं असतं."

बायजाकाकींच्या हातात बाटली तशीच राहिली. मला रडू फुटलं. पाच महिने ज्या बाईला मी घाबरत होते, ती माझ्यासाठी पस्तीस जणींपुढं उघडी पडली होती.

"अहो, भांडण मागाहून करा," मथुराबाई म्हणाली. "आधी खाली बघा की."

पिल्लू उभं होतं. दोन्ही पाय पोटाखाली. अंग पुढं-मागं डुलत होतं. समोर मथुराबाईची बदकं कण्या टिपत होती. त्यानं एक पाऊल टाकलं, डाव्या बाजूला कललं, सावरलं. दुसरं टाकलं. बायका पोपटी पदर आवरत मागं सरल्या आणि वाट झाली. एकीनं नकळत "जा गं बाई, जा" म्हटलं. सात पावलं. मी मोजली. सात पावलांनंतर ते कण्यांपाशी पोचलं, तोल गेला, चोच आपटली, आणि त्या आपटलेल्या चोचीनंच त्यानं एक दाणा टिपला.

मग बायजाकाकींनी बाटलीला बूच लावलं.

"चाललं," त्या म्हणाल्या. "टिपलंही. धरलं. एक."

सासूबाईंनी अर्जाचा कागद काढून काकींच्या हातात दिला. "अध्यक्ष आता तू हो. खोटं बोललेल्या माणसानं पुढं उभं राहू नये. पण अर्ज दे. ताडी वाईटच." मग मथुराबाईकडं वळून म्हणाल्या, "तुझे उपकार आहेत माझ्यावर. तरी अर्ज मागं घेणार नाही."

"मी कुठं म्हणते घ्या?" मथुराबाई म्हणाली. "साका मात्र घेऊन जा. चार दिवस उरलेत." आणि तिनं मंडळाच्या नव्या अध्यक्षांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि सगळ्यांदेखत भरून दिली. दुकानाला टाळं लागलं ते पुढच्या महिन्यात. तोवर तिच्याकडं दोन बायका आपापली पांगळी बदकं घेऊन जाऊन आल्या, असं मी ऐकलं.

आम्ही दोघी परत निघालो. मी पिल्लू उचलायला वाकले.

"उचलू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ऊन चढलंय. घर लांब आहे, आणि आपण मागच्या वाटेनं..."

"मागच्या वाटेनं नाही. गावातून."

मग आम्ही गावातून चाललो. पिल्लू सहा-सात पावलं टाकायचं आणि बसायचं. ते बसलं की आम्ही थांबायचो. ते उठलं की आम्ही चालायचो. ओट्यावरचे लोक उठून बघायला लागले. कुणीतरी विचारलं, "द्वारकाबाई, हे काय?" सासूबाईंनी माझं मनगट धरलं, काळ्या कोंबडीनं फोडलेलं तेच, आणि हळूच म्हणाल्या, "सावकाश. बघू दे सगळ्यांना. तुझ्या हातचं आहे."